गहाण आणि सोडवणूक

पारोळ्याच्या भुईकोटाचा इतिहास पुष्कळांच्या परिचयाचा आहे. परंतु भोवतालच्या काळ्या जमिनीचा इतिहास वाचावयाचा तर तो गहाणखतांतच वाचला पाहिजे. 1861 ते 1865 पर्यंत अमेरिकेतील यादवीमुळे खानदेशच्या कापसास अपूर्व भाव आला आणि शेतकऱ्याची पत वाढली. पुढे भाव उतरले. कर्ज मात्र उतरले नाही. तेजीत काढलेले रुपये मंदीत फेडावयाचे, ही कुणब्याची तेव्हापासूनची अडचण होय.

महाराष्ट्रात गहाणाचा एक कठोर प्रकार रूढ होता. मुदतीत पैसे न आल्यास गहाण हीच विक्री समजावी, अशी अट खतात असे. तिला 'गहाण लहाण' म्हणत. मुदत टळली की जमीन गेली! 1864 साली मुंबईच्या हायकोर्टाने रामजी विरुद्ध चिंतो या खटल्यात ही अट जशीच्या तशी अमलात आणण्याचे नाकारले. जमीन कर्जाचे तारण म्हणून दिलेली असेल, तर मुदतीनंतरही रक्कम देऊन ती सोडविता यावी, असे तत्त्व ठरले. त्याआधीही दामदुपटीच्या नियमाने ऋणकोस आधार दिलाच होता: एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे.

कायद्याने एक दार लावले, तर सावकाराने दुसरे शोधले. गहाणाऐवजी तो सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागला. जमीन परत करण्याचे वचन तेवढे तोंडी राही. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने लेखाविरुद्ध तोंडी पुरावा चालेनासा झाला, तेव्हा अशा वचनाची किंमत ती काय उरणार? दरम्यान 1875 च्या मे महिन्यात सुपे येथे दंगा उसळला व पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांची खते जाळली गेली. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. आरंभी तो चार जिल्ह्यांपुरता होता; पुढे त्याचे क्षेत्र वाढले. त्याने न्यायाधीशास खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहारापासून हिशेब तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला. 1907 च्या दुरुस्तीने तर खरेदीखत वस्तुतः गहाण आहे काय, हेही पाहता येऊ लागले.

पण हक्क मिळाला म्हणून पैसा मिळतो असे नाही. ज्याच्या गाठीस रुपया नाही त्याने जमीन सोडवावी कशाने? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा एक प्रयत्न मुंबई इलाख्यात 1929 साली झाला. धारवाड, भडोच आणि पारोळ्याच्या शेजारचे पाचोरे या तीन ठिकाणी भूतारण बँका निघाल्या. जुने ऋण फेडण्यास दीर्घ मुदतीचे कर्ज द्यावे व ते पिकाच्या उत्पन्नातून हळूहळू परत घ्यावे, ही त्यांची योजना. 1935 साली मुंबईस प्रांतिक बँक स्थापन झाली. 1939 व 1947 च्या ऋणपरिहार कायद्यांनी कर्जाची रक्कम कमी करून ठरविण्याची सोय केली. महाराष्ट्रातील अशा बँका पुढे भूविकास बँका म्हणून ओळखल्या गेल्या आणि अखेरीस अवसायनात निघाल्या.

आज गहाण पडते ते बहुधा राहते घर. 2002 च्या कायद्याने बँकेस कोर्टात न जाता तारणाचा ताबा घेण्याचा अधिकार दिला. शेतजमीन मात्र त्यातून वगळली. साठ दिवसांची नोटीस येते. कर्जदाराने आक्षेप घेतल्यास बँकेने पंधरा दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत न्यायाधिकरणाकडे जाता येते. 2016 च्या दुरुस्तीने मात्र सर्व देणे भरून घर सोडविण्याची मुदत लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच ठेवली आहे. 1864 साली जो काळ लांबविला गेला, तो येथे पुन्हा आखडला आहे.

म्हणून या इतिहासाचा बोध व्यावहारिक आहे. ऋणकोस खरे साह्य झाले ते तीन गोष्टींचे: हिशेब उघडून पाहण्याचा हक्क, झेपतील असे हप्ते आणि पुरेसा अवधी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी मागितल्यावाचून मिळत नाहीत, आणि तिसरी मौन धरल्याने सरून जाते. हप्ता थकण्याची चिन्हे दिसताच खाते तपासून, मुदत वाढविण्याची लेखी मागणी करणे यात कमीपणा नाही. लाजेपायी नोटीस पेटीत ठेवून देणारा गृहस्थ, रामजीच्या काळी ज्या हक्कासाठी कोर्टापर्यंत झगडावे लागले, तो हक्क आपल्या हातांनीच सोडून देतो.