छ १ रमजान

पेशवेकालीन मोडी पत्रे चाळणाऱ्यास एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. लिहिणारा कारकून स्नानसंध्या करणारा, मजकूर सावकाराच्या व्याजाचा नाहीतर फौजेच्या मुक्कामाचा. परंतु तिथी पडते ती मात्र ‘छ १२ रमजान’ अशी. ‘छ’ म्हणजे चंद्र. वर्ष सुहूर सनाचे. ते मृगाबरोबर पालटे आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघे. वर्ष सूर्याचे, महिना मुसलमानी चंद्राचा, अशी ती दुहेरी गणना होती. शिवछत्रपतींनी १६७४ साली राज्याभिषेक शक सुरू केला, राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी रमजान, सवाल, जिल्काद हे महिने काही कारकुनाच्या लेखणीतून सुटले नाहीत.

दिल्लीस पेशव्यांची वकिली करणारे हिंगणे हे आम्हां बदलीवाल्यांचे एका अर्थी पूर्वजच म्हणावयाचे. पत्रात रमजान लिहिणाऱ्या या मंडळींस भोवतालच्या शहरातील रमजान दिसल्यावाचून राहिला नसेल. आमचे तसे नाही. आम्ही द्वारकेत राहतो. सौराष्ट्रातील पुण्यक्षेत्राचे नाव घेतलेली ही वसाहत पूर्वी पप्पनकलां म्हणून ओळखली जाई. शेजारचे पालम मात्र खरेच जुने. शाहआलमची पातशाही दिल्लीपासून पालमपर्यंतच, अशी जी थट्टा होई ती याच गावावरून. आणि १७८४ पासून त्या पातशाहीची वकील-इ-मुतलकी महादजी शिंद्यांकडे होती. इतके शेजारी इतिहास असूनही रमजानाविषयी आमचे ज्ञान ‘मुसलमानांचा उपवासाचा महिना’ यापलीकडे गेले नव्हते, हे कबूल केलेले बरे.

उपवास या शब्दानेच आमची फसगत केली. आमच्या घरी एकादशीला साबुदाणा भिजतो, दुपारी वऱ्याचे तांदूळ होतात. त्या हिशेबाने आम्ही कचेरीतील एका मुसलमान सहकाऱ्यास भर दुपारी, ‘निदान लिंबूपाणी तरी घ्या,’ असा आग्रह केला होता. रोजात पाणीही वर्ज्य असते. अरबीत या व्रताला ‘सौम’ म्हणतात, म्हणजे आवरून धरणे. ‘रोजा’ हा फारसी शब्द ‘रोज’पासून, म्हणजे दिवसापासून आला. आमची रोजकीर्द, रोजमुरा, रोजनिशी ही त्याच शब्दाची मराठी भावंडे होत. पहाट फुटण्यापूर्वी सहरी, सूर्यास्तास इफ्तार. मधला सारा दिवस आवरून धरावयाचा. नुसती भूक नव्हे, जीभ आणि रागही.

हे व्रत हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये, बंधनकारक झाले. कुराण अवतरू लागले तो हा महिना, म्हणून त्याचे महत्त्व. नावाच्या मुळाशी तापलेल्या भूमीचा अर्थ आहे. परंतु महिना उन्हाळ्यास बांधलेला नाही. आपण अधिक मास घालून चंद्रास सूर्याच्या मागे ओढून आणतो. कुराणाने त्यास मनाई केली. त्यामुळे चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचेच राहते, रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, आणि साधारण ३३ वर्षांत साऱ्या ऋतूंची प्रदक्षिणा करतो. २०३० साली तर तो जानेवारीच्या आरंभी एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. आम्हांस यात मोठा न्याय दिसतो. नाहीतर कोणा एका मुलखाच्या वाट्यास कायमचा जून आला असता.

दिल्लीच्या जूनमध्ये हा रोजा सुमारे साडेपंधरा तासांचा होतो. २०१८ च्या जूनमध्ये तो सहकारी आमच्याबरोबर दौऱ्यावर होता. आजाऱ्यास आणि प्रवाशास रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. चुकलेले दिवस मागाहून भरून द्यावयाचे. (ज्यास वार्धक्यामुळे ते कधीच साधणार नाही, त्याने दर दिवसामागे एका गरिबास जेवू घालावे.) फिरतीच्या नोकरांची इतकी काळजी आमच्या सेवानियमांतही क्वचितच आढळेल. त्याने चार रोजे सोडले आणि डिसेंबरात धरले. तेव्हा दिवस पावणेबारा तासांचा. ‘उन्हाळ्याचे कर्ज थंडीत फेडतो, व्याज माफ,’ असे तो हसून म्हणाला. परंतु थोड्या वेळाने स्वतःच बोलला, की रमजानात सारा मोहल्ला पहाटे उठतो, म्हणून जड जात नाही. हे चार दिवस मात्र घरात एकट्याच्या खोलीत दिवा लागतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चहा न मागवता त्याच्या मेजापाशी बसून राहिलो. साडेपाचाच्या सुमारास त्याने कागदाची पुडी सोडली आणि एक खजूर स्वतः घेऊन दुसरा आमच्यापुढे केला. आम्हांस एकाएकी जुन्या पत्रांची आठवण झाली. ‘आज चंद्र कितवा?’ आम्ही विचारले.

त्याने बोटांवर मोजले. ‘रबिलाखरचा दहावा होता,’ तो म्हणाला, ‘पण सूर्य बुडाला. आता अकरावा.’