जलंब-खामगावची सपाट वाट

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापसाची ददात पडली, तेव्हा सरकारची दृष्टी विशेषेकरून वऱ्हाडाकडे वळली. आणि ज्या खामगावच्या पेठेतून कापसाच्या गाड्या चिखल तुडवीत निघत, त्या पेठेस जलंबशी जोडणारा सुमारे १३ किलोमीटरांचा लोहमार्ग मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. वाफेच्या इंजिनास चढ जड जातो. पायनघाटाच्या, म्हणजे घाटाखालच्या वऱ्हाडाच्या, काळ्या, समतल भूमीने ती अडचण येथे उरू दिली नाही. म्हणूनच दीर्घ सफरीस निघणाऱ्या सायकलस्वारानेही बोथ्याचा घाट चढण्यापूर्वी याच मुलखात आरंभ करावा. सपाटीवर श्वासाची लय बसते, आणि प्रदेशाचा इतिहासही सावकाश वाचता येतो.