अर्धी ओंजळ दूध: काशीतल्या मराठी घरांतला मुलांचा वाढदिवस

काशीतल्या मराठी घरांत मुलाचा वाढदिवस पूर्वी जन्मतिथीला होत असे आणि त्याला लागणारे सारे सामान एका तबकात मावत असे. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि बाजूला वाटीत तीळ-गूळ घातलेले दूध. हा साधेपणा केवळ ओढगस्तीतून आलेला नव्हता. वाढदिवस कसा करावा हे धर्मशास्त्राने सांगून ठेवले होते आणि ते सांगणारा एक प्रमुख ग्रंथ याच शहरात, पैठणहून आलेल्या घराण्यात लिहिला गेला होता.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणचे रामेश्वरभट्ट सहकुटुंब काशीला येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट (जन्म 1513) यांना काशीच्या विद्वत्सभेत अग्रपूजेचा मान मिळाला. विश्वेश्वराचे मंदिर अकबराच्या दरबारातल्या तोडरमलाच्या साहाय्याने पुन्हा उभे राहिले, त्यातही त्यांचाच पुढाकार होता. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांनी 1612 मध्ये ‘निर्णयसिंधु’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ पूर्ण केला. पुढे 1674 मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच कुळातले. राज्याभिषेकामुळे हे घराणे मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. मुलाच्या वाढदिवसासारख्या घरगुती गोष्टीवरही याच घराण्याच्या लेखणीचा ठसा आहे, याची आठवण मात्र क्वचितच ठेवली जाते.

जन्मदिवसाचा विधी गृह्यसूत्रांइतका जुना आहे. पहिल्या वर्षी दर महिन्याच्या जन्मतिथीला आणि नंतर दरवर्षी तो करावा, असे त्याचे मूळ रूप होते. धर्मशास्त्राचे संकलन करणाऱ्या मध्ययुगीन निबंधकारांनी त्याला वर्धापन, वर्षवृद्धी, अब्दपूर्ती अशी नावे दिली. ‘निर्णयसिंधु’त आणि 1790 च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी रचलेल्या ‘धर्मसिंधु’त त्याची कृती येते. तीळ लावून स्नान करावे, नवे वस्त्र ल्यावे. मग कुलदेवता, जन्मनक्षत्र, मार्कंडेय आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम हे सात चिरंजीव यांची अक्षतांच्या पुंजक्यांवर पूजा करावी. बाळाची राखण करणाऱ्या षष्ठीला दहीभाताचा नैवेद्य दाखवावा. शेवटी मार्कंडेयाकडे आयुष्य मागून तीळ-गूळ मिसळलेले दूध प्यावे. त्याचे मापही दिले आहे: अर्धी ओंजळ. त्या दिवशी नखे-केस कापू नयेत, प्रवास करू नये, मांस खाऊ नये, भांडू नये, कोणाला इजा करू नये. एवढ्या तपशिलात जेवणावळीची सक्ती कुठे नाही. तांदूळ, दही, तीळ, गूळ आणि दूध यांतले काहीही अगदी बेताच्या घरात सहज निघे.

त्याच काळातल्या दरबारी वाढदिवसाशी हे ताडून पाहावे. मुघल बादशहा जन्मदिवशी तराजूत बसून सोने आणि इतर मौल्यवान वस्तूंनी तोलला जाई. ‘आईन-इ-अकबरी’प्रमाणे शहजाद्यांची तुला दोन वर्षांच्या वयापासून होई, पहिल्या वर्षी एकाच वस्तूने, मग दरवर्षी एकेक वस्तू वाढत जाई. इंग्रज वकील टॉमस रो याने 1617 मध्ये मांडूला जहांगीरची तुला पाहिली. काही वर्षांच्या अंतराने, एकाच साम्राज्यात, एकीकडे बादशहाचा सोन्याचा तराजू आणि दुसरीकडे कमलाकरभट्टांची अर्धी ओंजळ, अशी दोन मापे चालू होती. फारसीतून आलेल्या ‘सालगिरह’ या शब्दात आणि हिंदीतल्या ‘बरसगांठी’त दरवर्षी दोऱ्याला एक गाठ मारण्याची चाल शिल्लक आहे. मराठी शब्द वेगळ्या अंगाने जातो. ‘वाढदिवसा’त वर्षवृद्धीतली वृद्धी जशीच्या तशी आहे.

अठराव्या शतकात मराठ्यांची सत्ता उत्तरेत पसरली, तशी काशीतली मराठी वस्तीही वाढली. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात वैदिक, पुराणिक, पेशव्यांचे आणि संस्थानिकांचे आश्रित राहू लागले. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे आजचे मंदिर 1780 च्या सुमारास बांधून घेतले. दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी आप्पा यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी अस्सीजवळच्या भदैनीत मुलगी जन्मली. तिचे नाव मणिकर्णिका. पुढची झाशीची राणी. तिच्या जन्मस्थानी 19 नोव्हेंबरला जयंती साजरी होते, पण जन्मवर्ष कोणी 1828 देतात, कोणी 1835. इंग्रजी तारखेने वय मोजण्याची चाल त्या घरांत नव्हती. जन्मपत्रिकेत शक, मास, पक्ष, तिथी आणि घटिका असत, आणि वाढदिवस त्यावरूनच ठरे.

तिथी मोजताना काशीत एक गंमत होई. मराठी महिना अमावास्येला संपतो, काशीचा पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात महिन्याचे नाव दोन्हीकडे एकच. कृष्ण पक्षात मात्र एका महिन्याचा फरक. ज्या रात्री मराठी घरात श्रावण वद्य अष्टमीला कृष्णजन्म होतो, त्याच रात्री शेजारच्या घरात तो भाद्रपद कृष्ण अष्टमीला होतो. वद्य पक्षात जन्मलेल्या मराठी मुलाच्या वाढदिवसाला घरात एक महिना आणि गल्लीत दुसरा. दिवस मात्र तोच असल्याने औक्षणाच्या वेळी कधी घोटाळा झाला नाही.

औक्षण हा या दिवसाचा गाभा. पाटाभोवती रांगोळी काढायची, मुलाला पूर्वेकडे तोंड करून बसवायचे, आईने आणि घरातल्या सुवासिनींनी कुंकू-अक्षता लावून सुपारी-अंगठी ओवाळायची, मग निरांजन. मूल पाटावरून उठून वडीलधाऱ्यांच्या पाया पडे. पक्वान्न म्हणजे शिरा, खीर किंवा पुरणपोळी. काशीत दूध मुबलक, त्यामुळे खीर अवघड नव्हती. द्रोण-पत्रावळी आणि पुरवे म्हणजे मातीचे पेले बाजारात मिळत. पंगत अंगणात किंवा गच्चीवर बसे.

मुलांचा खरा मेळावा मात्र वाढदिवसाला भरत नसे. तो बोरन्हाणाला भरे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून बसवतात आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या ओततात. जमलेली मुले ते वेचतात. मुलांसाठी इतका स्वस्त आणि इतका नेमका सोहळा दुसरा सापडणे कठीण. हंगामात जे पिकते तेच खेळणे, तोच खाऊ आणि तीच भेट. गंगेच्या खोऱ्यात त्या दिवसांत ऊस, हरभरा, बोरे सगळेच येते, चुरमुऱ्यांना तिथे लाई म्हणतात आणि संक्रांतीला ‘खिचडी’. म्हणून महाराष्ट्रातून आलेली ही चाल काशीत काहीही न बदलता रुजली. आमंत्रणाला फक्त गल्लीतून हाक मारावी लागे.

बदल आला तो शाळेच्या दाखल्यातून. जन्मनोंदणीचा कायदा 1886 मध्ये झाला, पण नोंद सक्तीची झाली ती 1969 च्या कायद्याने. मधल्या काळात मुलाची जन्मतारीख पुष्कळदा शाळेत नाव घालतानाच पहिल्यांदा कागदावर उतरे. गुरुजी वयाच्या हिशेबाने सोयीची तारीख घालत. महाराष्ट्रात ती 1 जून असे, उत्तर प्रदेशात 1 जुलै. तारीख आली तरी जुन्या मंडळींनी तिथी सोडली नाही, आणि बऱ्याच घरांत एकाच मुलाचे दोन वाढदिवस होऊ लागले. तिथीला औक्षण, तारखेला मित्र.

तारखेच्या वाढदिवसाबरोबर केक आला. केकवर मेणबत्त्या लावण्याची चाल अठराव्या शतकातल्या जर्मनीतली. वाढदिवसाच्या इंग्रजी गाण्याची चाल अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या हिल भगिनींनी 1893 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालवाडीच्या गाण्याची. मराठी घरांचे दोन आक्षेप होते. एक अंड्याचा. तो बिनअंड्याच्या केकने सुटला, आणि भट्टी नसलेल्या घरांत गृहिणींनी कुकरच्या तळाशी वाळू घालून केक भाजायला सुरुवात केली, तेव्हा खर्चही आवाक्यात आला. दुसरा आक्षेप फुंकरीचा होता आणि तो अधिक खोल होता. जी भाषा शुभप्रसंगी नारळ फोडत नाही, वाढवते, तिला मुलाच्या आयुष्याच्या दिवशी ज्योत विझवणे पटणारे नव्हते. या अडचणीवर घरोघरी निघालेला तोडगा शहाणपणाचा आहे: आधी निरांजनाने औक्षण, मग केक, आणि मेणबत्ती असली तरी निरांजन तेवत ठेवायचे.

खर्च वाढला तो केकपेक्षा त्याच्याभोवतीच्या गोष्टींनी. फुगे, झालरी, कागदी टोप्या, मुलांच्या आवडत्या चित्रपटाचा पडदा आणि शेवटी प्रत्येक पाहुण्या मुलाच्या हातात द्यायची ‘रिटर्न गिफ्ट’. यातले बहुतेक प्लास्टिक दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते, आणि बेताच्या मिळकतीच्या आईबापांना वीस मुलांना हाक मारण्याआधी वीस पुड्यांचा हिशेब करावा लागतो. बोरन्हाणाच्या लुटीत मुले हीच भेट स्वतःच वेचून घेत आणि ती देताना कोणाच्या खिशाला चटका बसत नसे.

भेटवस्तूंसाठी तरी काशीत दूर जावे लागत नाही. भदैनीपासून जवळच खोजवां आणि काश्मिरीगंज या मोहल्ल्यांत लाकडी खेळणी होतात. खरादावर लाकूड फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. भोवरे, खुळखुळे आणि भातुकलीतली जाती, पोळपाट-लाटणी, चुली अशा रीतीने घडतात. सावंतवाडीची खेळणी पाहिलेल्या मराठी माणसाला ती परकी वाटणार नाहीत. पूर्वी यासाठी जंगलातले कोरैयाचे लाकूड वापरत. त्याच्या तोडीवर निर्बंध आल्यावर कारागीर निलगिरीकडे वळले. 2014-15 मध्ये या लाखकामाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाला संरक्षण मिळते, गिऱ्हाईक मिळतेच असे नाही. पाहुण्या मुलांच्या हाती काही द्यायचेच असेल, तर वाढदिवसाच्या चार दिवस आधी खोजवांला जावे आणि हव्या तितक्या मुलांसाठी भोवरे सांगून ठेवावेत.