शेवाळ भिजवलेलं पाणी गटारात नको, पडद्यातून गाळा

फवारणीसाठी आपण समुद्री शेवाळाचा अर्क विकत आणतो. पण शेवाळावर प्रक्रिया करताना जे पाणी उरतं, त्यातही पैसा असतो. चीनमधलं उदाहरण बघा.

तिथे केल्प जातीच्या शेवाळापासून अल्जिनेट हा घट्टपणा आणणारा पदार्थ काढतात. त्याआधी शेवाळ भिजवतात. भिजवणीच्या पाण्यात आयोडीन, मीठ आणि मॅनिटॉल उतरतं. मेंदूची सूज उतरवायला जे मॅनिटॉल सलाइनमधून देतात, तेच हे. पाणी तसंच सोडलं तर माल वाया जातो, आणि खारं पाणी जमीनही नासवतं.

नुसतं पाणी आटवलं तर जळण फार लागतं, शिवाय मीठही सोबत राहतं. इथे पडदा कामी येतो.

१. अल्ट्राफिल्ट्रेशन : बारीक छिद्रांचा पडदा चिकट, मोठे कण अडवतो. मीठ, मॅनिटॉल पाण्यासोबत पुढे जातं.
२. इलेक्ट्रोडायलिसिस : वीज सोडली की मिठाचे भारित कण पडद्यातून ओढले जातात. मॅनिटॉलवर भार नसतो, म्हणून ते मागे राहतं.
३. आरओ : गावातल्या पाण्याच्या प्लँटसारखाच. पाणी बाहेर निघतं, माल दाट होतो. मग आटवायला थोडंच उरतं.

खरी अडचण चिकटपणाची. ठिबकच्या नळीसारखा पडदाही चोंदतो. त्यामुळे आधी गाळणी आणि वेळच्या वेळी धुलाई हवीच, नाहीतर पडदे बदलण्यातच नफा जातो.