१९५६ : एका वर्षात गेलेली पाच माणसे

सोसायटीच्या गेल्या पंचवीस वर्षांच्या आठवणी या अंकात इतरांनी लिहिल्या असतीलच. मी जरा आणखी मागे जातो. १९५६ साली, म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी, फेब्रुवारी ते डिसेंबरच्या दरम्यान आपल्या देशातली पाच मोठी माणसे गेली. पाचही जणांची क्षेत्रे वेगवेगळी. मी तेव्हा चार वर्षांचा. त्यामुळे पुढचे सगळे वाचलेले आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले.

बँकेत खातेदार गेल्याचे कळले की आमचा पहिला प्रश्न असायचा, नॉमिनी कोण? या पाच जणांबद्दल वाचताना तोच प्रश्न मनात येत राहिला. यांच्या कामाला नॉमिनी कोण मिळाला?

१६ फेब्रुवारीला दिल्लीत डॉ. मेघनाद साहा गेले. नियोजन आयोगाच्या कचेरीत जाताना वाटेतच हृदयविकाराचा झटका आला. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या गरीब दुकानदाराचा हा मुलगा. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान कसे समजून घ्यावे, हे १९२० साली त्यांच्या समीकरणाने जगाला दाखवले. पुढे ते अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. देशभरातली वेगवेगळी पंचांगे पाहून एक शास्त्रशुद्ध दिनदर्शिका सुचवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. ती दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून सरकारने लागू केली, पण ते पाहायला साहा नव्हते. सरकारी राजपत्रावर ती तारीख आजही छापली जाते. मात्र आज राष्ट्रीय दिनदर्शिकेची तारीख काय, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

त्यानंतर अकराच दिवसांनी, २७ फेब्रुवारीला, लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. ऊर्फ दादासाहेब मावळंकर अहमदाबादला गेले. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, कर्मभूमी गुजरात. डिसेंबर १९५४ मध्ये विरोधकांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आणला. तो फेटाळला गेला, पण सभागृहात त्याची रीतसर चर्चा झाली. अध्यक्षाच्या खुर्चीवरही प्रश्न विचारता येतो आणि त्याने खुर्चीचा मान कमी होत नाही, हा धडा तिथे मिळाला. आपल्या वार्षिक सभेत आवाज चढतात तेव्हा मला दादासाहेब हमखास आठवतात!

२० मार्चला बा. सी. मर्ढेकर गेले, वय अवघे ४६. फैजपूरला जन्मलेला हा माणूस नोकरीला आकाशवाणीत होता. त्यांच्या कवितेत गिरणीचे भोंगे आले, यंत्रे आली, शहरातला पिचलेला माणूस आला. लोक बिचकले. अश्लीलतेचा खटलासुद्धा झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला मिळाला, तो मरणोत्तर. पण त्यांचा वारसा पुरस्काराने टिकवला नाही. पुढच्या कवींनी त्यांच्याशी भांडत, त्यांच्याकडून शिकत तो चालवला.

६ डिसेंबरला दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. नागपूरच्या धम्मदीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ ते गेल्यावर प्रसिद्ध झाला. आम्हा बँकवाल्यांना त्यांचे आणखी एक काम जवळचे वाटते. १९२३ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि नंतर हिल्टन यंग आयोगापुढे साक्षही दिली. त्यांच्या कामाला मात्र लाखो नॉमिनी मिळाले. दर ६ डिसेंबरला दादरला जाऊन पाहा, म्हणजे कळेल.

आणि बरोबर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ गाडगेबाबा गेले. स्वतः निरक्षर, पण मुलांना शिकवा म्हणून गावोगाव कीर्तनातून सांगत हिंडले. अंगावर चिंध्या, हातात झाडू. स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही, पण लोकांसाठी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. म्हणजे जिवंतपणीच नॉमिनेशन करून मोकळे!

पाचही नावे एकत्र ठेवली की मला एक गोष्ट दिसते. साहांच्या दिनदर्शिकेमागे सरकारी हुकूम होता, तरी ती आपल्या घरात आली नाही. गाडगेबाबांकडे ना पद, ना सत्ता. तरी त्यांचे काम चालू राहिले, कारण ते रोज करणारी माणसे मागे होती. माणूस कितीही मोठा असो, त्याच्यामागे झाडू उचलणारा कोणीतरी लागतो.

आपल्या संस्थापक सभासदांपैकी बरेच जण आज नाहीत. त्यांनी रजिस्ट्रेशनसाठी घातलेले हेलपाटे, पाण्याच्या लाइनसाठी केलेली धावपळ नव्या पिढीने पाहिलेली नाही. फ्लॅटचा नॉमिनेशन फॉर्म आपण प्रत्येकाने भरून दिला आहे. पण व्यवस्थापक समितीच्या निवडणुकीला उमेदवार शोधत फिरावे लागते. नॉमिनी हा मालक नसतो, विश्वस्त असतो, असे मी काउंटरवर पस्तीस वर्षे सांगत आलो. तरुण मंडळींनो, या सोसायटीच्या कामासाठीही तो फॉर्म आता तुम्हीच भरायचा आहे.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा.