गिरणगाव, १९८२ चा संप आणि वार्धक्यातील नैराश्य

वृद्धांचे नैराश्य हा विषय सामान्यतः वैद्यक व मानसशास्त्र यांच्या कक्षेतील मानला जातो. तथापि जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांनी लंडनमधील स्त्रियांच्या अभ्यासावर आधारित १९७८ च्या ग्रंथात जीवनातील आघात व दीर्घकालीन अडचणी यांचा नैराश्याशी असलेला संबंध दाखवून दिला. दीर्घकालीन अडचण ही इतिहासाच्याही अभ्यासाची बाब आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हा संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. त्या वेळी तिशीत असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. परंतु त्याच्या आजच्या अवस्थेचे मूळ केवळ संपात शोधणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. गिरण्यांत बदली कामगारांचे प्रमाण मोठे होते. रोज गिरणीच्या दारात उभे राहायचे. कायम कामगार गैरहजर असेल तरच काम मिळायचे. अशी वर्षे काढलेल्या माणसाला अनिश्चितता नवी नव्हती. संपाने ती कायमची केली. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. दशकभर आधीच कामाबाहेर पडलेला कामगार तिच्या कक्षेत आला नाही. तिशीतील बेकारी त्याला सत्तरीत पुन्हा भेटली.

स्त्रियांची नोंद याहून त्रोटक आहे. कोकणातून व घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांसाठी खाणावळ चालवणारी बाई कोणत्याच हजेरीपटावर नव्हती. गिरणी बंद पडली तेव्हा तिचे गिऱ्हाईक गेले. भविष्य निर्वाह निधी तिला कधी नव्हताच. पुढे गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या घरांची सोडत निघाली, तेव्हा गिरणीतील नोकरीचा पुरावा मागण्यात आला. तो तिने कोठून आणावा?

२०१७-१८ च्या राष्ट्रीय वार्धक्य सर्वेक्षणात प्रश्नावलीच्या आधारे साठीवरील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची शक्यता आढळली. निदान झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण मात्र ०.८ टक्के होते. हे आकडे देशाचे आहेत, गिरणगावाचे नव्हेत. तरीही ही तफावत बोलकी आहे. झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, एवढीच तक्रार घेऊन म्हातारा दवाखान्यात जातो. केसपेपरवर त्याचे वय, रक्तदाब व साखर लिहिली जाते. तो कोणत्या खात्यात होता, कायम होता की बदली, हे सहसा विचारले जात नाही.