मथुरा: देसाईगंजची रात्र, वयाची एक नोंद आणि पूर्वग्रहाच्या दोन बाजू

🧵 थ्रेड

१/ २६ मार्च १९७२. देसाईगंज पोलीस ठाणे, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. त्या रात्री ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर जे घडले, त्याचा खटला तीन न्यायालयांतून साडेसहा वर्षे फिरला. आरोपी सुटले. मात्र त्या निकालावरील संतापातून देशाचा बलात्कारविषयक कायदा बदलला. खटल्याचे नाव 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. इतिहास त्याला 'मथुरा प्रकरण' म्हणून ओळखतो.

२/ आधी भूगोल. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे झाडीपट्टीतील वैनगंगेकाठचे रेल्वेचे गाव. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. पण गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. १९७२ मध्ये हा सारा वनप्रदेश चंद्रपूरच्या कक्षेत होता. म्हणून खटलाही चंद्रपूरच्या सत्र न्यायालयात उभा राहिला.

३/ मथुरा अनाथ होती. भावासोबत राहून मोलमजुरी करी. कामाच्या ठिकाणी तिची एका तरुणाशी ओळख झाली आणि दोघांनी एकत्र संसार करायचे ठरवले. भावाला ते मान्य नव्हते. त्याने बहिणीला पळवून नेल्याची तक्रार ठाण्यात दिली. रात्री नऊच्या सुमारास सर्वांना ठाण्यात आणण्यात आले. म्हणजे मथुरा त्या रात्री फिर्यादी म्हणून आली नव्हती आणि आरोपी म्हणूनही नव्हती. ती कुणाच्या तरी ताब्यातील 'मुलगी' म्हणून तेथे होती.

४/ साडेदहाच्या सुमारास जबाब संपले. निघताना हेड कॉन्स्टेबलने भावाला एक गोष्ट सांगितली: मथुरेच्या जन्मतारखेच्या नोंदीची नक्कल घेऊन ये. ही साधी सूचना लक्षात ठेवावी. सारे बाहेर पडू लागले, तेव्हा कॉन्स्टेबल गणपतने मथुरेला मागे थांबवले. दिवे मालवले गेले, दार बंद झाले. मागच्या छपरीत त्याने बलात्कार केला आणि त्यानंतर मद्यधुंद तुकारामने अंगाशी झटापट केली, असे तिने सांगितले.

५/ बाहेर थांबलेल्या नातलगांना संशय आला. हाका मारल्या गेल्या, लोक जमले. मथुरा बाहेर आली आणि तिने घडलेले तत्काळ सांगितले. जमाव खवळला, ठाणे जाळून टाकण्याची भाषा झाली. हेड कॉन्स्टेबलला परत बोलावण्यात आले आणि तिची फिर्याद लिहून घेण्यात आली. तो जमाव नसता, तर ज्या ठाण्यात हे घडले त्याच ठाण्याच्या दप्तरात ही नोंद झाली असती काय?

६/ वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास झाली, म्हणजे जवळजवळ वीस तासांनी. अंगावर जखमा आढळल्या नाहीत. लैंगिक संबंधांच्या जुन्या खुणा आढळल्या. वयाचा अंदाज १४ ते १६ वर्षे असा दिला गेला. तिच्या कपड्यांवर आणि गणपतच्या पायजम्यावर वीर्याचे डाग मिळाले. पुढचा सारा खटला या चार निष्कर्षांच्या अन्वयार्थाचा होता.

७/ वयाच्या आकड्याला एवढे महत्त्व का? त्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत संमतिवयाची मर्यादा १० वर्षे होती. १८९१ मध्ये ती १२ झाली. मलबारींची मोहीम आणि टिळकांचा विरोध यांनी तेव्हाचा महाराष्ट्र ढवळून निघाला होता. १९२५ मध्ये विवाहबाह्य संबंधांसाठी ती १४ आणि १९४९ मध्ये १६ झाली. म्हणजे १९७२ मध्ये मुलगी सोळाच्या आत असेल, तर तिची 'संमती' हा प्रश्नच कायद्याला विचारता येत नव्हता.

८/ परंतु सोळाच्या आत आहे हे सिद्ध कशाने करायचे? विदर्भात गावचे जन्म-मृत्यू कोतवाल बुकात नोंदले जात. अनाथ, मजूर, आदिवासी मुलीच्या बाबतीत अशा नोंदीपर्यंत पोहोचणे सोपे नसते. वैद्यकीय अंदाज १४ ते १६ असा होता. सत्र न्यायालयाने मात्र ती सोळाच्या आतील असल्याचा समाधानकारक पुरावा नाही, असे मानले. बालपण कागदावर सिद्ध झाले नाही. मग तिच्याकडे बालक म्हणून पाहण्याचे कारणच उरले नाही. येथून पुढे वाद संमतीभोवती फिरला.

९/ १ जून १९७४. सत्र न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. न्यायाधीशांनी मथुरेला धक्कादायक खोटारडी ठरवले. तिला शरीरसंबंधांची सवय होती, तिने स्वखुशीने संबंध ठेवले आणि आपल्या माणसांसमोर अब्रू राखण्यासाठी बलात्काराची कथा रचली, असा त्यांच्या तर्काचा आशय होता. येथे पूर्वग्रहाची यंत्रणा उघड दिसते. प्रियकराशी असलेल्या संबंधांचा पुरावा हा अनोळखी पोलिसाशी असलेल्या संमतीचा पुरावा म्हणून वापरला गेला.

१०/ १२ ऑक्टोबर १९७६. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला. गणपतला पाच वर्षे, तुकारामला एक वर्ष सक्तमजुरी. खंडपीठाचा तर्क सरळ होता: दोघेही तिला सर्वस्वी अपरिचित होते, रात्री ठाण्यात तिने पुढाकार घेतला असेल, हे संभवत नाही, आणि हतबलतेने शरण जाणे म्हणजे संमती नव्हे. शरणागती आणि संमती यांतील हा भेद या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे न्यायिक वाक्य म्हणावे लागेल.

११/ १५ सप्टेंबर १९७८. न्या. जसवंत सिंह, कैलासम आणि कोशल यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने तो भेद नाकारला. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही. म्हणजे ओरडल्याची आणि विरोध केल्याची हकीकत रचलेली. म्हणजे तो 'शांततेत' पार पडलेला प्रकार. मृत्यूची वा इजेची भीती दाखवून संमती मिळवली, हे सिद्ध झाले नाही, असे पीठाने मानले. दोघे पुन्हा निर्दोष सुटले. गणवेश, बंद दार, विझलेले दिवे आणि मुलीचे वय यांना या मोजमापात फारसे वजन मिळाले नाही.

१२/ निकाल एक वर्ष कायद्याच्या ग्रंथांत पडून राहिला. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. रात्री पोलीस ठाण्यात अडकलेल्या गरीब, अशिक्षित मुलीकडून कोणत्या प्रतिकाराची अपेक्षा न्यायालय करते, हा त्यांचा सवाल होता. विवाहपूर्व संबंध असलेल्या मुलीवर पोलिसांना मोकळीक मिळते काय, हा दुसरा. मोठ्या पीठापुढे फेरसुनावणीची त्यांची मागणी होती.

१३/ या पत्राने आंदोलन पेटले. १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. खटला पुन्हा उघडला गेला नाही. पण त्याच वर्षी विधी आयोगाचा ८४ वा अहवाल आला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे कलम ११४-अ आले. पीडितेची ओळख उघड करण्यास बंदीही तेव्हाच आली. मथुरेचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण ते संरक्षण तिच्यानंतर जन्माला आले.

१४/ तरीही पूर्वग्रहाचा मुख्य दरवाजा उघडाच होता. फिर्यादी स्त्री 'अनीतिमान' आहे, असे दाखवून तिची साक्ष मोडून काढण्याची मुभा पुरावा कायद्यात २००२ च्या अखेरपर्यंत राहिली. केवळ शारीरिक प्रतिकार न करणे म्हणजे संमती नव्हे, हे स्पष्टीकरण दंडसंहितेत २०१३ मध्ये आले. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये मांडलेला भेद कायद्याच्या अक्षरांत उतरायला ३७ वर्षे लागली.

१५/ आता नाण्याची दुसरी बाजू. २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले. मृतांत अत्याचार झालेली १५ वर्षांची मुलगी होती. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र सहाही जणांना फाशीच दिली.

१६/ ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. बचावलेल्या साक्षीदार स्त्रीने सुरुवातीला पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही. हे सहा जण समाजाच्या तळातील, भटक्या जमातीतील असल्याने त्यांना खोटे गोवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश झाले. सोळा वर्षे गेली होती. सहापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी स्वतःच अल्पवयीन होता.

१७/ देसाईगंजला आरोपी चुकीने सुटले, नाशिकला चुकीची माणसे फासापर्यंत गेली. वरवर ही दोन टोके आहेत. मुळाशी एकच रीत आहे. पुराव्याआधी माणसाचा 'प्रकार' ठरतो. जंगलातील मजूर मुलगी म्हणजे चंचल, भटका म्हणजे गुन्हेगार. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच संशयित ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ती नजर तशीच उरली.

१८/ म्हणूनच 'कायदा आणखी कडक करा' हे उत्तर अपुरे पडते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने वयोमर्यादा १८ केली, बालकाच्या चारित्र्यावर हल्ला करणारे प्रश्न रोखले आणि काही गुन्ह्यांत आरोपी दोषी असल्याचे गृहीतक आणले. पहिल्या दोन गोष्टी १९७२ मध्ये असत्या, तर मथुरेचा खटला निराळा झाला असता. पण ज्या गृहीतकामुळे मथुरेसारखीला बळ मिळते, तेच गृहीतक आळशी वा पक्षपाती तपासाच्या हाती गेले तर नाशिकच्या सहा जणांसारख्यांना बाहेर पडायला वाट उरत नाही.

१९/ आणखी एक गोष्ट सहसा सुटते. त्या रात्रीची मूळ तक्रार कॉन्स्टेबलविरुद्ध नव्हती. मुलीने स्वतः निवडलेल्या तरुणाविरुद्ध होती. आजच्या कायद्यात तो तरुणही आरोपी ठरला असता. मुलीच्या मर्जीविरुद्ध घरच्यांनी दिलेली 'पळवून नेल्याची' तक्रार आणि बालकावरील खरा अत्याचार, हे एकाच कलमाखाली आले तरी एकच नव्हेत. तो फरक कायद्याच्या शब्दांत सापडत नाही. तपास करणाऱ्याने मुलीचे म्हणणे ऐकले, तरच तो कळतो.

२०/ मथुरा प्रकरण वाचताना दिल्लीतील निकालाकडे लक्ष जाणे साहजिक आहे. पण त्याचे बरेचसे भवितव्य आधीच ठरले होते: न मिळालेल्या जन्मनोंदीत, वीस तास उशिरा झालेल्या तपासणीत, आणि तिच्या जबाबाआधीच तिच्याविषयी बनलेल्या मतात. बालकांच्या न्यायाचा इतिहास सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांइतकाच तालुक्याच्या ठाण्यातील दप्तरांचाही इतिहास आहे. तो त्या दप्तरांपासून वाचायला हवा.

(थ्रेड समाप्त)